उद्या मिस्त्री आणि उजवी ताटली

लकडगंजात दोन आरागिरण्यांच्या मधल्या बोळात रुपराव हिवसे यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे टिनाचं छप्पर, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि दिवसभर हवेत तरंगणारा सागाचा भुसा. भुशाचा त्रास होता तशी सोयही होती. तेल सांडलं की शेजारून टोपलीभर भुसा आणायचा आणि वर टाकायचा.

ट्रकवाल्यांनी रुपरावांचं नाव ‘उद्या मिस्त्री’ ठेवलं होतं. गंजून बसलेला नट दिसला की इतर मिस्त्री पान्याला पाईप लावत आणि त्यावर दोन माणसं लोंबकळत. रुपराव त्या नटावर रॉकेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडत, तेलाची चिंधी गुंडाळत, येता-जाता लहान हातोडीनं एक टिचकी मारत आणि म्हणत, ‘‘उद्या पाहू.’’ दुसऱ्या दिवशी नट बहुधा बोटांनी फिरे. नाही फिरला तर रुपराव पुन्हा तेच म्हणत, त्याच आवाजात.

गॅरेजात त्यांचा भागीदार होता त्यांचा मेव्हणा, आनंदराव. त्याचा विश्वास घणावर. या दोघांचं जमलं कसं, असं लोक विचारत. जमण्यासारखंच होतं. जे आज निघायला हवं ते आनंदराव काढी, आणि जे अख्खं निघायला हवं ते रुपराव.

‘‘भाऊजी, तुमी तं लग्नालेही उद्या पाहू म्हनलं असतं,’’ आनंदराव गिऱ्हाइकांसमोर म्हणे.

‘‘म्हनलं नाही, पन केलं तसंच,’’ डबा घेऊन आलेली जयवंता, म्हणजे रुपरावांची बायको आणि आनंदरावाची थोरली बहीण, उत्तर देई. ‘‘मुहूर्त सकाळचा, नवरदेव संध्याकाळी. वाटेत कोनाचा तरी ट्रक बंद पडला होता म्हने.’’

‘‘मंग सोडून येतो का त्याले रस्त्यावर?’’ रुपराव विचारत. चौकशी इथं संपे.

रुपराव मौद्याकडच्या एका खेड्यातले. घरी शेती होती, पण तीन भावांत ती वाटली की कोणालाच पुरी पडत नव्हती. सोळाव्या वर्षी ते कन्हानच्या मँगनीजच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. खाणीच्या त्या आवारात सुटे भाग मागवले तर महिना महिना येत नसत. तुटलं ते तुटलेलंच राही आणि ट्रक उभा. तिथं ज्याच्या हातून वस्तू अख्खी निघे तोच खरा मिस्त्री ठरे. रुपराव हळूहळू काम करायला तिथंच शिकले.

ते ट्रक होते मनोहररावांचे. मनोहरराव मँगनीज वाहतुकीचे कंत्राटदार. त्यांनी त्रेसष्ट साली मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज मॅनेजरकडून एक गाडी घेतली होती. लाल रंगाची, दोन माणसांची, टप नसलेली, विलायती रेसच्या गाड्यांच्या घाटाची. सायकलीसारखी तारांची चाकं आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध पितळी दिसणारा एक मोठा नट, दोन बाजूंना दोन कान असलेला. ती गाडी खाणीच्या रस्त्यानं गेली की मागचा धुरळा खाली बसेपर्यंत क्लीनर पोरं हात थांबवून पाहत राहत. त्या गाडीत बसावं असं रुपरावांच्या मनात कधी आलं नाही. ती आतून कशी असेल, हे मात्र येई.

मनोहरराव अडुसष्ट साली गेले. गाडी त्यांच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्याच्या शेडमध्ये गेली ती तिथंच राहिली.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांची पत्नी कुसुमताई लकडगंजात आल्या. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. रिक्षातून उतरून, भुसा चुकवत, त्या खड्ड्याच्या काठाशी उभ्या राहिल्या.

‘‘रुपराव, बंगला दसऱ्यानंतर सोडायचा आहे. भाड्याचाच होता. मी कन्हानला नानाजींकडे चाललेय.’’

नानाजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. शेती, म्हशी आणि तोंडाचे फटकळ.

‘‘आनि गाडी?’’ रुपरावांनी विचारलं.

‘‘त्यासाठीच आले. नानाजी म्हणतात, स्वतःच्या चाकावर आली तर गोठ्याशेजारी जागा देतो. ट्रॅक्टरला बांधून ओढत आणलीत तर तशीच भंगारवाल्याकडे वळवतो.’’

‘‘बोलनं तं त्यायचं तसंच आहे,’’ रुपराव म्हणाले. ‘‘पाहतो, बाई.’’

इंजिनाचं काम बंगल्याच्या शेडमध्येच आठवड्यात झालं. ते त्यांना सोपं गेलं. इंजिन हे शेवटी इंजिनच असतं. अडलं ते ब्रेकवर.

ट्रकला, जीपला, अँबॅसडरला चाकाच्या आत ड्रम असतो, डब्यासारखा. या गाडीच्या पुढच्या चाकांना ड्रमच नव्हते. तिथं जाड लोखंडी ताटली होती, आणि ब्रेक मारला की एक चिमटा ती ताटली दोन्ही बाजूंनी धरी. असं काही असतं हे रुपरावांनी ऐकलं होतं, हाताळलं नव्हतं. दहा वर्षं उभी राहून दोन्ही ताटल्या गंजानं खवल्यागत झाल्या होत्या. त्या काढून लेथवर घासून घ्यायच्या, आणि दोन्ही सारख्याच घासायच्या. एक गुळगुळीत आणि एक खडबडीत राहिली तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढणार.

दोन्ही चाकांचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते मधले गड्डे, त्यांनी ताटल्यांसकट उतरवले आणि पोत्यात गुंडाळून गॅरेजात आणले. ताटली हबवर मागून चार बोल्टांनी आवळलेली होती. बोल्ट निघाले. डावी ताटली रॉकेल-ऑइलमध्ये एक रात्र राहिली आणि सकाळी चार टिचक्यांत हबवरून सुटली. रुपरावांनी ती उचलून उजेडात धरली आणि आनंदरावाकडं पाहिलं.

‘‘दुसरी काढा, मंग पाहा माझ्याकडे,’’ आनंदराव म्हणाला.

दुसरी निघाली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या नाही. तेल वरच्या वर राही, आत शिरतच नसे. हब आणि ताटली यांच्यातली फट कशानं तरी लिंपून टाकल्यासारखी होती. गंज तांबडा असतो. हे काळपट होतं आणि खिळ्यानं खरवडलं तर लाखेसारखं चकचके.

बातमी बोळाबाहेर गेली. चहाला थांबलेले ट्रकवाले डोकावू लागले.

‘‘काय उद्या मिस्त्री, कोनत्या महिन्यातला उद्या?’’

‘‘भाऊजी, एक घण,’’ आनंदराव रोज म्हणे. ‘‘एकच. मी मारतो, तुमी तिकडे तोंड करा.’’

‘‘ओतीव बीड आहे हे, बावा. एका घणात दोन तुकडे होतीन. मंग काय दोन ताटल्यांत जेवाले बसशीन?’’

‘‘नवीन आनू.’’

‘‘कुठून गा? लंडनहून?’’

हीच खरी अडचण होती. अशी ताटली नागपुरात नव्हती. रुपरावांनी मुंबईला पार्सलवाल्या ओळखीच्या माणसाकरवी विचारलं. तिथंही नव्हती, आणि बाहेरून मागवायची तर परवाना कोण देणार? ही एक ताटली तडकली की गाडी संपली. मग नानाजी आपला शब्द पाळणार, आणि कन्हानच्या रस्त्यावरून धुरळा उडवत गेलेली ती लाल गाडी भंगारवाल्याच्या तराजूत बसणार. रुपराव हे कोणाजवळ बोलले नाहीत. पण त्या दिवसांत ट्रकचं कामही ते त्या हबकडं तोंड करूनच करत.

एकदा त्यांनीही धीर सोडला. पुलर लावला, म्हणजे तीन पायांचा खेचणारा स्क्रू, आणि आवळत गेले. आणखी एक आटा. आणखी अर्धा. ताटलीतून बारीक ‘टिक्’ असा आवाज आला. तो सुटण्याचा आवाज नव्हता, बिडाचा होता. रुपरावांनी पुलर उलटा फिरवला, ताटली पुसली आणि भिंग घेऊन तिच्यावर चीर शोधत बसले. चीर नव्हती. मग त्यांनी पुलर आनंदरावाच्या हाताला लागणार नाही इतका वर टांगून ठेवला.

शेवटी उष्णता द्यायची ठरली. तेल पुसून काढलं, ब्लो-लॅम्प पेटवला आणि ज्योत लांबून, गोल गोल फिरवत त्यांनी हब शेकायला घेतला. थोड्या वेळानं धूर निघाला आणि धुराबरोबर वास. आनंदरावानं नाक वर केलं.

‘‘भाऊजी, भूक लागून राहिली बा मले.’’

वास खरंच खाण्याचा होता. तेवढ्यात जयवंता डबा घेऊन आली ती दारातच थबकली.

‘‘काय वं, काय झालं?’’ रुपरावांनी विचारलं.

‘‘मी काय सांगू? तुमीच सांगा. खोबऱ्याच्या वड्या करून राहिले का तुमी? पाक जळून राहिला ना.’’

दोघे पुरुष हसले. जयवंता हसली नाही. डबा ठेवून ती वाकली, केसांतला आकडा काढला आणि त्या काळपट फटीत घालून ओढला. आकड्याला एक तपकिरी धागा चिकटून आला. तिनं तो बोटांत चोळला.

‘‘हे पाहा. नारळाची शेंडी.’’

रुपरावांनी लॅम्प विझवला. धागा हातात घेऊन हुंगला. मग त्यांनीही खिळ्यानं थोडं खरवडलं आणि, जयवंता नको नको म्हणत असताना, जिभेवर ठेवून पाहिलं. रॉकेल, गंज आणि त्यांच्यामागं कुठंतरी गोड.

‘‘गाडीत नारळाचं पानी कुठून आलं?’’ आनंदराव म्हणाला.

‘‘ते मंग पाहा,’’ जयवंता म्हणाली. ‘‘कढईले पाक चिकटला तं तुमी तिच्यात रॉकेल टाकता का? आठ दिवस झाले, साखरेवर तेल ओतून राहिले. पाक पान्यानंच निघते. गरम पान्यानं.’’

‘‘लोखंडावर पानी?’’ रुपराव म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी लोखंडाला पाण्यापासून लांब ठेवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

‘‘लोखंडावर नाही. पाकावर.’’

जेवण झालं, पान झालं. मग रुपरावांनी हब पोत्यात बांधला, सायकलच्या कॅरिअरवर आवळला आणि सिव्हिल लाइन्सचा रस्ता धरला. पाणी घालण्याआधी त्यांना खात्री करून घ्यायची होती.

कुसुमताई व्हरांड्यात पुस्तकं खोक्यांत भरत होत्या. रुपराव सरळ शेडमध्ये गेले. गाडी सागाच्या ठोकळ्यांवर उभी होती. डावी बाजू भिंतीला लागून, उजवी मोकळी. भिंतीला टेकवून ठेवलेलं उजवं चाक त्यांनी उलटं केलं. तारांवर आतल्या बाजूनं वाळलेले ओघळ होते, आणि शेजारी ठेवलेल्या कानवाल्या नटाच्या एका कानावर लहान लहान खड्डे.

‘‘बाई, एक विचारू? दसऱ्याची गाडीची पूजा कोन करते?’’

‘‘मीच करते. साहेब होते तेव्हा ते करायचे. ते गेल्यावर एक दसरा चुकवला नाही.’’ कुसुमताई हात पुसत शेडच्या दारात आल्या. ‘‘का?’’

‘‘नारळ कुठं फोडता?’’

‘‘इथंच. अंगणात मुरूम आहे हो, नारळ फुटत नाही, नुसता रुततो. मग त्या नटावर फोडते. तो कान आहे ना, त्यावर एका दणक्यात...’’ त्या थांबल्या. रुपराव चाकाकडं पाहत होते. त्यांनीही चाकाकडं पाहिलं. तारांमधून पाणी खाली कुठं जातं हे कळायला फार वेळ लागला नाही.

‘‘दहा नारळ,’’ त्या म्हणाल्या.

रुपरावांनी चाक पुन्हा भिंतीला टेकवलं.

‘‘म्हणजे तुम्ही आठवडाभर जे काढताय, ते मी दहा वर्षं भरतेय.’’

‘‘चालती गाडी असती तं धुऊन निघालं असतं, बाई. उभी होती ना, म्हनून बसत गेलं.’’

‘‘आणि डाव्या चाकाला काही झालं नाही, कारण तिकडे भिंत आहे.’’

‘‘भिंत नसती तं तिकडेही फोडला असता का?’’

‘‘फोडला असता,’’ कुसुमताई म्हणाल्या आणि हसू लागल्या. एकट्या राहणाऱ्या बाईचं मोठ्यानं हसणं ऐकून शेजारच्या बंगल्यातला माळी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. रुपरावांनाही मग हसू आवरलं नाही.

बंब पेटलेलाच होता. कुसुमताईंनी न्हाणीतलं घंगाळ बाहेर आणलं. रुपरावांनी हबचे बेअरिंग आणि ग्रीस आधीच काढून ठेवलं होतं. त्यांनी हब ताटलीसकट घंगाळात ठेवला आणि वर कढत पाणी ओतलं. ओतताना त्यांनी तोंड असं केलं होतं की जणू स्वतःच्याच पायावर ओततायत. पाणी चहासारखं झालं. ते टाकलं, दुसरं घेतलं. दुसऱ्या पाण्यात शेंडीचे धागे वर आले, मग कुंकवाची लाली, मग अक्षतेचा एक काळा पडलेला दाणा. कुसुमताई वेताचा मोडा घेऊन शेजारी बसल्या आणि घंगाळातून काय काय निघतं ते पाहत राहिल्या. चौथं पाणी जवळजवळ स्वच्छ राहिलं.

रुपरावांनी हब उन्हात वाळवला, फुंकर घालून फट मोकळी केली आणि कडेनं तेल सोडलं. या वेळी तेल वर थांबलं नाही. ते पाहता पाहता आत गेलं. त्यांनी आणखी सोडलं, तेही गेलं.

‘‘निघेल?’’ कुसुमताईंनी विचारलं.

‘‘उद्या पाहू,’’ रुपराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात गर्दी होती. आनंदरावानं रात्रीतच बोलावणी धाडली असावीत. रुपरावांनी शेजारून टोपलीभर भुसा आणवला आणि हब दोन ठोकळ्यांवर असा ठेवला की ताटली सुटली तर भुशातच पडावी. मग लहान हातोडी घेऊन ते कडेकडेनं, समोरासमोर, टिचक्या मारत गेले. इकडे एक, तिकडे एक. बोळातली आरागिरणी चालू होती, त्यामुळे टिचक्या ऐकू येत नव्हत्या, नुसत्या दिसत होत्या. अर्धा फेरा झाला आणि ताटली भुशात पडली. तिचाही आवाज झाला नाही. भुशाचा एक फवारा उडाला, बस.

‘‘पडली?’’ मागच्या एका ट्रकवाल्यानं विचारलं.

‘‘पडली,’’ आनंदराव म्हणाला. त्यानं वाकून ताटली उचलली, फुंकली, नखानं वाजवून पाहिली. ती घंटेसारखी अख्खी वाजली. ‘‘भाऊजी, मी एका घणातच काढली असती.’’

‘‘काढली असती. कोनती अर्धी?’’

ट्रकवाले हसले आणि चहाला गेले. जयवंतानं आपला आकडा परत मागितला. रुपरावांनी तो रॉकेलनं धुऊन दिला. तिनं हुंगून पाहिला आणि फेकून दिला.

पुढचं काम ओळखीचं होतं. दोन्ही ताटल्या लेथवर एकसारख्या घासून झाल्या, हब बसले, चिमटे बसले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा निघाली. दसऱ्याच्या सकाळी गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरली. कुसुमताईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं ठेवली. मग नारळ घेतला आणि सवयीनं उजव्या चाकाकडं वळल्या. रुपराव नुसते खाकरले. त्या पायरीकडं वळल्या आणि नारळ दगडावर फोडला.

गाडी त्यांनी स्वतः चालवली. रुपराव शेजारी बसले, पायाशी हत्यारांची पिशवी. पहिल्यांदाच ते त्या गाडीच्या आत होते. कामठीच्या रस्त्यानं जाताना आजूबाजूला पाहण्याऐवजी ते सगळा वेळ पुढच्या चाकांचा आवाज ऐकत होते. काही ऐकू आलं नाही. म्हणजे सगळं ठीक होतं.

कन्हानच्या पुलाच्या उतारावर शेळ्यांचा कळप आडवा आला.

‘‘बाई, ब्रेक,’’ रुपराव म्हणाले, आणि त्यांचे दोन्ही पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबले गेले.

कुसुमताईंनी ब्रेक दाबला. दोन्ही पुढची चाकं एकाच वेळी धरली. गाडीचं नाक ना डावीकडं गेलं ना उजवीकडं. शेवटच्या शेळीपासून हातभर अंतरावर ती सरळ उभी राहिली. कुसुमताईंनी स्टिअरिंगवरून एक हात उचलला, मग दुसरा, आणि गाडी कुठंच वळली नाही हे पाहून दोन्ही परत ठेवले.

‘‘सारख्या घासल्यात,’’ त्या म्हणाल्या.

‘‘सारख्याच पाहिजेत,’’ रुपराव म्हणाले.

शेताच्या फाटकाशी नानाजी उभे होते. गाडी स्वतःच्या चाकांवर आलेली पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी मागं सरकवली. ‘‘आली गा खरंच!’’ ते ओरडले. ‘‘गोठ्याशेजारची जागा तुमची. शब्द म्हनजे शब्द!’’ त्यांच्या हातात स्वागताचा नारळ होता. वासराला लावावा तसा हात लावत त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि कुठं फोडावा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. अंगणात सगळी काळी माती. मग त्यांची नजर उजव्या चाकाच्या मधल्या नटावर गेली, त्याच्या बाहेर आलेल्या कानावर, आणि चेहरा उजळला. त्यांनी नारळ डोक्यापर्यंत वर उचलला.

‘‘नानाजी!’’ गाडीतून दोन आवाज एकदम आले.

नानाजींचा हात वरच राहिला.

‘‘काहून? काय झालं?’’

रुपराव दार उघडून उतरले होते. त्यांनी नानाजींच्या हातातला नारळ काढून घेतला, गोठ्यापाशी पाटा होता तिथं नेऊन फोडला, आणि पाणी खाली सांडू न देता करवंटीत धरून आधी कुसुमताईंना दिलं.

‘‘गाडीले नका देऊ,’’ ते नानाजींना म्हणाले. ‘‘तिचं पिऊन झालं.’’